पडद्यावरची लाच आणि बाजारातला माणूस

(रायपूर येथे गोल बाजार भागात झालेल्या पक्षसभासद व सहानुभूतीदारांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



आपण आज ज्या बाजारात जमलो आहोत तेथे मसाल्यापासून लग्नाच्या साहित्यापर्यंत सर्व काही विकत मिळते. राजकारणाची चर्चा मात्र फुकट मिळते. भोसल्यांच्या अमलात आणि पुढे नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना ज्यांचे पूर्वज इकडे आले, अशी कितीतरी मराठी घरे तात्यापाऱ्यात आणि आसपास आहेत. त्यांतलेच काहीजण आज समोर बसले आहेत. म्हणून आजचा विषय परका नाही. राजकारणी पुढारी लाचेच्या प्रश्नावर कॅमेऱ्यासमोर सापडतो, तेव्हा पाहणारी जनता काय म्हणते, आणि तिने काय म्हणावे ह्यासाठी आपण काय करतो, हा तो विषय होय.

पुढारी मुलाखतीत सापडो वा चोरून घेतलेल्या चित्रणात, आपल्याकडे एक समजूत रूढ आहे. प्रश्नकर्ता कणखर असला, पुढाऱ्याची बोबडी वळली, सारा देश ते पाहत राहिला, की भ्रष्टाचाराची निम्मी लढाई जिंकली, असे सुशिक्षित मध्यमवर्गीयाला वाटते. ह्या समजुतीची परीक्षा ह्या राज्याने एकदा नव्हे, अनेकदा घेतली आहे. तिचा निकाल आपण नीट वाचला पाहिजे.

२००३ चा नोव्हेंबर

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्याच्या विधानसभेची पहिली निवडणूक १ डिसेंबर २००३ रोजी होणार होती. मतदानास जेमतेम पंधरवडा उरला असताना, १६ नोव्हेंबर रोजी एका इंग्रजी दैनिकाने एका गुप्त चित्रणाची हकीगत छापली आणि दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पुन्हा पुन्हा दाखविली गेली. त्या चित्रणात केंद्रीय पर्यावरण व वन खात्याचे राज्यमंत्री दिलीप सिंह जूदेव हॉटेलच्या खोलीत नोटांची पुडकी स्वीकारताना दिसत होते. पुडके त्यांनी कपाळाला लावले आणि पैसा हा देव नसला तरी देवाहून कमीही नव्हे, अशा आशयाचे उद्गार काढले. विषय होता खाणींच्या परवानग्यांचा.

हे गृहस्थ भारतीय जनता पक्षाच्या राज्यातील प्रचाराचा प्रमुख चेहरा होते. जोगी सरकार पाडल्याशिवाय मिशी राखणार नाही, अशा पैजेसाठी ते प्रसिद्ध होते. त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. आता ह्या पक्षाची धूळधाण होणार, असा होरा वृत्तपत्री पंडितांनी बांधला. ४ डिसेंबरला मतमोजणी झाली. भाजपला ९० पैकी ५० जागा मिळाल्या, काँग्रेसला ३७. लाच घेताना साऱ्या देशाने पाहिलेल्या माणसाचा पक्ष सत्तेवर आला.

नाटकाचा पुढील अंक त्याहून बोधप्रद होता. निकालानंतर दोनच दिवसांनी एक ध्वनिफीत प्रसिद्ध झाली. पराभूत मुख्यमंत्री अजित जोगी विजयी पक्षाचे आमदार फोडू पाहत होते, असा आरोप तिच्या आधारे झाला आणि काँग्रेसने त्यांना निलंबित केले. दुसरीकडे, जूदेव ह्यांच्या चित्रणामागे जोगींच्या पुत्राचा हात असल्याचा आरोप केंद्रीय अन्वेषण विभागाने केला. त्यांनी तो नाकारला. ज्यांनी ते चित्रण घडवून आणले त्यांच्यावर लाच देण्यास साहाय्य केल्याचा खटला भरला गेला, आणि तो रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये नकार दिला. राजकीय पुनर्वसन मात्र कोणाचेच अडले नाही. जोगी २००४ साली महासमुंदमधून लोकसभेत गेले. जूदेव २००९ साली बिलासपूरमधून निवडून आले, आणि त्यांनी पराभूत केलेल्या प्रमुख उमेदवार होत्या जोगींच्या पत्नी.

बरोबर वीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पुन्हा मतदानाच्या तोंडावर एक चित्रफीत आली. ह्या वेळी ऑनलाइन सट्टा चालविणाऱ्या ॲपच्या प्रकरणात तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल ह्यांना ५०८ कोटी रुपये दिल्याचा आरोप होता. बघेल ह्यांनी तो साफ नाकारला. ह्या निवडणुकीत काँग्रेस ३५ जागांवर आली आणि भाजपला ५४ मिळाल्या. एका फितीनंतर आरोप झालेला पक्ष जिंकला, दुसरीनंतर हरला. म्हणजे निवडणुकीचा निकाल फितीने ठरत नाही. २००३ मध्ये काँग्रेसमधून फुटलेल्या विद्याचरण शुक्लांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रवादी काँग्रेसने सुमारे सात टक्के मते घेतली होती, आदिवासी मतदार जोगी राजवटीपासून दुरावला होता. ह्या ठोस कारणांपुढे नोटांच्या पुडक्याचे दृश्य तोकडे पडले.

बाजारातल्या तीन प्रतिक्रिया

अशा प्रसंगी बाजारात जी बोलणी ऐकू येतात, ती तुम्ही-आम्ही सर्वांनी ऐकली आहेत. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिली प्रतिक्रिया: "सब चोर हैं." दिवसभर हमाली करून संध्याकाळी पडदा पाहणारा माणूस हे म्हणतो तेव्हा त्यात त्याच्या आयुष्याचा अनुभव असतो, त्याला अडाणी समजण्याचा उद्दामपणा आपण करू नये. परंतु हे वाक्य ऐकून चोराला आनंदच होतो. सगळेच चोर असतील तर कोणालाच पकडण्याचे कारण उरत नाही. निराशेचे हे तत्त्वज्ञान सत्ताधारी वर्गाला फार सोयीचे असते.

दुसरी प्रतिक्रिया: "आपल्या माणसाला अडकविले." येथे प्रश्न पैशाचा राहत नाही, तो जातीचा, धर्माचा, पक्षाचा होतो. चित्रण कोणी केले, कशासाठी केले, ह्याचीच चर्चा रंगते. आणि ज्या खाणीसाठी पैसा दिला जात होता त्या खाणीचे नावही कोणाला आठवत नाही. २००३ मध्ये नेमके हेच घडले.

तिसरी प्रतिक्रिया: "खाल्ले तर खाल्ले, काम तर केले." आपल्या महाराष्ट्रातील वाचकांना हे वाक्य नवीन नाही. १९८१ साली सिमेंटचा कोटा आणि ट्रस्टांना मिळालेल्या देणग्या ह्यांची सांगड उघडकीस आली; मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अंतुले ह्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पण "धडाडीचा माणूस होता" हे उद्गार कोकणात पुढेही वर्षानुवर्षे ऐकू येत राहिले. ते पुन्हा लोकसभेत निवडून गेले आणि २००६ मध्ये केंद्रीय मंत्रीही झाले. जेथे साधा दाखला मिळविण्यासाठी चार हेलपाटे घालावे लागतात, तेथे काम करणारा लाचखोर हा निष्क्रिय प्रामाणिकापेक्षा बरा वाटतो. ही लोकांची नीतिभ्रष्टता नव्हे. हा राज्ययंत्रणेवरील त्यांचा अभिप्राय आहे.

तिन्ही प्रतिक्रियांत एक गोष्ट समान आहे: माणूस प्रेक्षकाच्या जागी बसलेला आहे. तो टाळ्या वाजवितो, शिव्या देतो, हसतो. पण लुटला गेलेला पैसा आपला आहे आणि त्याचा हिशेब मागणे हे आपले काम आहे, ही जाणीव पडदा त्याला देत नाही.

देणारा कोठे असतो?

कितीही कणखर मुलाखत घ्या, कॅमेरा असतो घेणाऱ्यावर. देणारा अंधारात असतो. जूदेव प्रकरणात तर खाणवाल्याचा प्रतिनिधी म्हणून आलेला माणूसच बनावट होता. पण खरा खाणवाला अशा खोलीत येतो तेव्हा तेथे कॅमेरा नसतो. आणि पुष्कळदा त्याला अशा खोलीत येण्याची गरजही पडत नाही.

२००१ साली कोरब्याच्या बाल्कोचे ५१ टक्के भाग सरकारने ५५१ कोटी ५० लाख रुपयांना खासगी कंपनीला विकले. कवडीमोलाने विक्री झाली असे म्हणत कामगारांनी ६७ दिवस संप केला. हा व्यवहार उजेडात, कागदोपत्री झाला आणि न्यायालयात टिकला. १९९८ मध्ये दुर्ग जिल्ह्यात शिवनाथ नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीला २२ वर्षांच्या कराराने देण्यात आला. काठावरच्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना आपल्याच नदीवर उपरे व्हावे लागले. हा करार रद्द करावा अशी शिफारस विधानसभेच्या लोकलेखा समितीने २००७ साली केली. नदी करारावर देण्याचे दृश्य पडद्यावर कसे दाखविणार? त्यात नोटांचे पुडके नसते, फक्त सह्या असतात.

आणि जी देवघेव पूर्वी बंद खोलीत होत असे, तिला कायद्याचे वस्त्र चढविण्याचा प्रयोगही ह्या देशाने पाहिला. मार्च २०१८ ते जानेवारी २०२४ ह्या काळात सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे निवडणूक रोखे विकले गेले. कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळू नये, अशीच ती योजना होती. कम्युनिस्ट पक्षांनी हे रोखे घेतले नाहीत, आणि त्यांच्या विरोधात न्यायालयात जाणाऱ्यांत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरविली. तोपर्यंत सुमारे सहा वर्षे हॉटेलात नोटा घेणे हा गुन्हा होता आणि बँकेच्या खिडकीतून तेच काम करणे हा कायदा होता. कोणत्या मुलाखतकाराने कितीही आवाज चढविला, तरी हा फरक त्याच्या एका तासात मावणार नाही.

नायजेरियाचा दाखला

हे फक्त आपल्याच देशात घडते असे नव्हे. नायजेरिया हा खनिज तेलाचा मोठा उत्पादक देश. तेथील सरकारने १ जानेवारी २०१२ रोजी पेट्रोलवरील अनुदान काढून घेतले आणि ६५ नायराचे एक लिटर पेट्रोल एका रात्रीत सुमारे १४० नायरावर गेले. कामगार संघटनांनी देशव्यापी संप पुकारला. आठवडाभर कारभार ठप्प झाला. सरकारला माघार घेऊन भाव ९७ नायरावर आणावा लागला. आणि ह्या खळबळीतच, अनुदानाचा पैसा कोणी खाल्ला हे शोधण्यासाठी संसदेची चौकशी समिती कामाला लागली. अनुदानात सुमारे ६८० कोटी डॉलरचा घोळ झाला असल्याचे तिने जाहीर केले.

ह्या समितीचे अध्यक्ष फारूक लवान. भ्रष्टाचारविरोधाचा पुतळा म्हणून लोक त्यांच्याकडे पाहत होते. काही आठवड्यांतच त्यांच्यावर आरोप आला, की एका तेल व्यापाऱ्याचे नाव यादीतून वगळण्यासाठी त्यांनी पाच लाख डॉलर घेतले. व्यापाऱ्याने सांगितले, हा आपण रचलेला सापळा होता. लवान ह्यांनी सांगितले, लाच देणाऱ्याला उघडे पाडण्यासाठीच आपण पैसे घेतले. खटला चालून २०२१ मध्ये लवान ह्यांना शिक्षा झाली. पण संपाने ऐरणीवर आणलेला मूळ प्रश्न, अनुदानाच्या कोट्यवधी डॉलरचा प्रश्न, त्या एका दृश्याच्या गदारोळात मागे पडला.

ह्यातील क्रम ध्यानात घ्या, कॉम्रेड्स. पेट्रोलचा भाव खाली आणला तो संपाने. चौकशीला जोर आला तो संपामुळे. आणि संप मागे घेऊन लोक घरी गेले, प्रश्न समितीच्या आणि कॅमेऱ्याच्या हाती सोपविला गेला, तेव्हा चौकशी करणाराच सापडला. जनता रस्त्यावर असते तोवर पुढारी घाबरतो. जनता प्रेक्षक झाली की पुढारी अभिनय करू लागतो.

रेशनच्या दुकानाचा धडा

मग भ्रष्टाचार कमी होतच नाही काय? होतो; आणि त्याचा पुरावा शोधण्यासाठी आपल्याला छत्तीसगढबाहेर जाण्याची गरज नाही. २००४-०५ च्या सुमारास ह्या राज्यातील रेशनचे निम्म्याच्या आसपास धान्य गरिबाच्या घरी पोहोचत नव्हते. २००४ मध्ये नवा आदेश निघाला आणि रेशनची दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला गटांकडे देण्यात आली. धान्य सरकारी वाहतुकीने दुकानापर्यंत पोहोचू लागले. शिधापत्रिकाधारकांच्या याद्या उघड्या झाल्या. शिधा जवळजवळ प्रत्येक गरीब घराला मिळू लागला, म्हणून तो न मिळाल्यास ओरडणारेही प्रत्येक घरात निर्माण झाले. २००९-१० पर्यंत गळती दहा टक्क्यांच्या आसपास आल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून दाखविले.

ज्या सरकारने हे केले ते आपले सरकार नव्हते. अन्नाच्या हक्कासाठीची चळवळ, न्यायालयाचे आदेश आणि मतांची गरज ह्यांच्या रेट्याने त्याला हे करावे लागले. तरीही जे झाले ते झाले म्हणून सांगण्यात आपल्याला कमीपणा नाही. हजार मुलाखतींनी झाले नसते ते दुकानाचा ताबा आणि यादी लोकांच्या नजरेच्या टप्प्यात आल्याने झाले.

पण ह्या धड्याचे दुसरे पान वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका. फेब्रुवारी २०१५ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने ह्याच रायपूर शहरात नागरी पुरवठा महामंडळाच्या कचेरीवर छापे घातले. रोकड सापडली, नोंदींची कागदपत्रे सापडली. गिरण्यांकडून निकृष्ट तांदूळ आणि मीठ स्वीकारण्यासाठी पैसे घेतले जात होते, असा आरोप झाला. त्यानंतर सरकारे बदलली. प्रत्येकाने दुसऱ्यावर आरोप केले. प्रकरण तपास यंत्रणा आणि न्यायालये ह्यांच्यात वर्षानुवर्षे फिरत राहिले. गावची बाई दुकानातील तराजूवर नजर ठेवीत होती. परंतु गिरणी, गोदाम आणि महामंडळाची कचेरी ह्यांच्या दारातील तराजू तिच्या नजरेच्या बाहेर होता. जेथवर लोकांची नजर पोहोचली तेथवर चोरी हटली. जेथे ती पोहोचत नव्हती तेथे चोरी जाऊन बसली.

आपले काम

आता थोडे आपल्याविषयी. "भ्रष्टाचार ही भांडवलशाहीची अपरिहार्य निपज आहे" हे वाक्य आपण पुष्कळ वेळा उच्चारतो. ते खरे आहे. पण हे वाक्य उच्चारून आपण सभा संपवितो आणि श्रोता घरी जाऊन "सब चोर हैं" असे म्हणतो, तेव्हा दोन वाक्यांत त्याला फारसा फरक जाणवत नाही. व्यवस्थेचे नाव घेऊन समोरच्या गोदामाचे कुलूप तपासण्याची जबाबदारी टाळणे, हा आपल्या चळवळीतील जुना दोष आहे. तो मान्य केला पाहिजे. धरणे, मोर्चा, पुतळ्याचे दहन ह्यांचेही आपण कधी कधी एक दृश्यच करून टाकले आहे: छायाचित्र छापून आले की काम संपले.

म्हणून मी तुमच्यापुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली: दूरचित्रवाणीवर एखादे प्रकरण गाजू लागले की त्याच आठवड्यात आपल्या शाखेने वस्तीत बैठक घ्यावी. "कोण सापडला?" ह्यापाशी न थांबता "कशासाठी पैसा दिला गेला, तो कोणाच्या खिशातून वसूल होणार आणि देणारा कोण?" हे तीन प्रश्न मांडावेत. खाण असेल तर खाणीचे नाव, नदी असेल तर नदीचे नाव, करार असेल तर कराराची तारीख लोकांना सांगावी.

दुसरी: कागद मिळविण्याचा हक्क राखावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मजुराला हजेरीपट पाहता आला, शिधापत्रिकाधारकाला साठ्याची नोंदवही मागता आली. त्याआधी राजस्थानातील मजूर-शेतकऱ्यांनी १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेऊन हिशेबाची पाने चव्हाट्यावर वाचली, तेव्हा कोठे हा कायदा झाला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल केला आहे. व्यक्तिगत माहिती म्हणून नावे झाकण्याची सोय त्यामुळे अधिकाऱ्यांना मिळते. नावाशिवाय हजेरीपट म्हणजे आंधळा आरसा. हा बदल रद्द करण्याची मागणी आपल्या प्रत्येक ठरावात असली पाहिजे.

तिसरी: दुकानाच्या पलीकडे गोदामापर्यंत जावे. हमाल, तोलाईवाले, ट्रकचालक, गिरणी-कामगार हे आपलेच लोक आहेत. पोत्यात काय भरले जाते आणि किती भरले जाते, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. पण एकटा हमाल बोलला तर उद्या त्याची रोजी जाते. म्हणून त्याची संघटना हीच भ्रष्टाचारविरोधी चळवळीची पहिली पायरी होय. त्याला संरक्षण न देता त्याच्याकडून साक्ष मागणे हा अन्याय आहे.

जाता जाता एका जुन्या गोष्टीची आठवण देतो. माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषेचे, पण हिंदी पत्रकारितेचे एक आद्य पुरुष. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' सुरू केले आणि पुढच्या वर्षी त्यात 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा छापली. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. ती चुलीसाठी त्या जागेची टोपलीभर माती मागते आणि ती उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला टोपली उचलत नाही. ती त्याला विचारते: एका टोपलीचे ओझे पेलवत नाही, तर ह्या साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे पेलणार? जमीनदार वरमतो आणि झोपडी परत देतो.

तो प्रश्न कोणत्याही मुलाखतकाराच्या प्रश्नापेक्षा कठोर होता, कारण जिचे घर गेले होते तिने तो विचारला होता. सप्र्यांचा जमीनदार वरमला. आजचा जमीनदार, खाणवाला आणि त्यांचा पुढारी वरमत नाही. तो पत्रकार परिषद घेतो. म्हणून एकट्या विधवेचा प्रश्न आज पुरा पडणार नाही. ज्यांचा तांदूळ गेला, ज्यांची नदी गेली, ज्यांची खाण गेली, त्या सर्वांनी मिळून तो विचारावा लागेल आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून उठता कामा नये.

पुढची फीत केव्हातरी येईलच. ती येईल तेव्हा ह्या बाजारातील निदान दहा माणसांनी पडद्याकडे पाठ फिरवून गोदामाचा हिशेब मागावा, एवढी तयारी आपण आजपासून करू या.